कुंद्याची ऑफर स्पॅममध्ये का जाते

‘फ्री’, ‘सेल’, ‘50 टक्के सूट’ असले शब्द विषयात घातले की मेल स्पॅममध्ये जातो, असं बेळगावच्या खडेबाजारातल्या साडीच्या दुकानापासून उद्यमबागेतल्या फाउंड्रीपर्यंत सगळीकडे ठामपणे सांगितलं जातं. मग कुणी ‘फ्री’च्या मध्ये टिंब घालतं, कुणी ‘सेल’ला ‘उत्सव’ म्हणतं, आणि मेल जायचा तिथेच जातो. शब्दांचा वाटा असतो, पण कोथिंबिरीएवढा. मेल पाठवणाऱ्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावाची, ओळख पटते का, आणि त्या डोमेनचे आधीचे मेल लोकांनी वाचले की वैतागून स्पॅमचं बटण दाबलं, या दोन गोष्टींवर निकाल लागतो. पहिली गोष्ट एका दुपारीत दुरुस्त होते. दुसरीला महिने लागतात, आणि सीमाभागात तिची कारणं जरा वेगळी आहेत.

एक गैरसमज आधीच बाजूला काढतो: जीमेलचा ‘प्रमोशन्स’ टॅब म्हणजे स्पॅम नव्हे. तो इनबॉक्सचाच भाग आहे. कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या मिठाईच्या, ऑफरची जागा तीच. तिथून ‘प्रायमरी’त घुसण्यासाठी युक्त्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नये.

आधी तपासणी

ज्या यंत्रणेतून ऑफरचे मेल जातात, त्याच यंत्रणेतून स्वतःच्या एखाद्या खासगी जीमेल पत्त्यावर मेल पाठवा. तो मोबाइलवर नव्हे, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा. उजवीकडच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे. दाबलं की वर एक छोटा तक्ता येतो, त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी. एसपीएफ म्हणजे त्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क या दोन्हींचा ‘फ्रॉम’मधल्या नावाशी मेळ बघतं. तिन्हींसमोर ‘पास’ हवं.

पुष्कळदा चित्र असं दिसतं: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क फेल. दोन विषयांत पास आणि तिसऱ्यात नापास कसं, असं वाटतं. डीकेआयएमच्या ओळीत ‘पास’च्या पुढे एक डोमेन लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. तिथे तुमच्या कारखान्याचं डोमेन नसून बल्क मेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव सापडेल. एसपीएफही त्याच सेवेच्या रिटर्न-पाथवर (न पोचलेले मेल जिथे परत जातात त्या पत्त्यावर) पास झालेलं असतं. म्हणजे गाडीची कागदपत्रं एकदम चोख, पण दुसऱ्याच्या नावावर. डीमार्क नेमकं हेच बघतं: ग्राहकाला ‘फ्रॉम’मध्ये जे डोमेन दिसतं, ते एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालेल्या डोमेनशी जुळतं का? दोन्हींपैकी एक जुळलं तरी पुरतं.

उपाय त्या सेवेच्या सेटिंगमध्येच असतो, ‘डोमेन ऑथेंटिकेशन’ किंवा तत्सम नावाखाली. तिथे दोन-तीन डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत भरायच्या ओळी, मिळतात. डोमेनचा डीएनएस जिथून चालतो तिथे ती भरायची. बेळगाव-निपाणीकडे वेबसाइट करून देणाऱ्यानेच डोमेनही स्वतःच्या खात्यावर घेतलेलं असतं आणि आता तो फोन उचलत नाही, ही नेहमीची अडचण. डोमेन आधी स्वतःच्या खात्यात घ्या, बाकीचं नंतर.

रेकॉर्ड भरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. होस्टिंगवाल्याने एक एसपीएफ रेकॉर्ड टाकलेलं असतं, मेल सेवेच्या सूचना वाचून दुसरं टाकलं जातं. एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड झाली की दोन्ही बाद, निकाल ‘पर्मएरर’. एकच रेकॉर्ड ठेवून त्यात दोघांचे ‘इन्क्लूड’ (त्या सेवेच्या सर्व्हरांना परवानगी देणारे भाग) एकत्र करायचे. तेही मोजून, कारण एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त 10 डीएनएस शोध चालतात आणि एकेका ‘इन्क्लूड’च्या पोटात आणखी ‘इन्क्लूड’ लपलेले असतात. तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या सेवेचं नाव अजून रेकॉर्डात असेल तर काढून टाका.

डीकेआयएमची गंमत वेगळी. सेवा तुम्हाला रेकॉर्डचं पूर्ण नाव देते, शेवटी तुमच्या डोमेनसकट. पण बऱ्याच डीएनएस पॅनेलमध्ये डोमेन आपोआप जोडलं जातं. तुम्ही पूर्ण नाव पेस्ट केलं की शेवटी डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड कुणालाच सापडत नाही. पॅनेलमध्ये ‘डोमेनकी’पर्यंतचाच भाग भरा. दुसरी अडचण रेकॉर्डात भरायच्या किल्लीच्या, म्हणजे सही तपासायच्या अक्षरमाळेच्या, लांबीची. 2048 बिटची किल्ली 255 अक्षरांच्या एका ओळीत मावत नाही, ती तुकडे करून अवतरणांत लिहावी लागते. काही पॅनेल हे स्वतः करतात, काही शेपूट गुपचूप कापतात. भरल्यावर शेवटची दहा-बारा अक्षरं मूळ किल्लीशी ताडून बघा.

डीमार्कचं धोरण सुरुवातीला ‘नन’ (नापास मेलवर कारवाई नको, नुसतं कळवा) ठेवा आणि अहवालासाठी एक पत्ता द्या. रोज झिप केलेल्या एक्सएमएल फायली येतील. त्या नुसत्या डोळ्यांनी वाचवत नाहीत, पण कुठल्याही मोफत डीमार्क वाचकात टाकल्या की विसरलेले धागे सापडतात: बिलं मेल करणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, पगारपत्रकं पाठवणारं पोर्टल, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. फॉर्मची चूक तर घरोघरी. ग्राहकाने भरलेला जीमेल पत्ताच फॉर्म ‘फ्रॉम’मध्ये टाकतो, म्हणजे तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने पत्र लिहितो. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये ग्राहकाचा, एवढा बदल पुरतो. महिनाभर अहवाल स्वच्छ आले की धोरण ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा, मग ‘रिजेक्ट’ (घेऊच नका). पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ केलं तर तुमचीच बिलं परत येतील.

हे सगळं आता हौसेचं राहिलेलं नाही. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचं केलं. गूगलची मोठ्या प्रमाणाची व्याख्या म्हणजे खासगी जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 मेल. मे 2025 पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल आणि लाइव्हच्या पत्त्यांसाठी तसाच नियम लावला. तिथे नापास झालेला मेल ‘550 5.7.515’ असा शेरा मारून परत येतो. आपण 5,000 च्या खाली आहोत म्हणून सुटलो, असं समजू नका. एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तर गूगल सगळ्यांकडूनच मागतं. तिन्ही करून ठेवायला जास्तीचा खर्चही नाही.

मोफत जीमेलवरून शंभर-शंभर जणांना ‘बीसीसी’ करून पाठवणं बंद करा. दिवसाला 500 ची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की खातं काही काळ पाठवायचं थांबतं. नेमकं तेव्हाच एखाद्या गिऱ्हाइकाला कोटेशन द्यायचं असतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ‘बल्क मेलर’ बसवून ब्रॉडबँडवरून पाठवणं त्याहून वाईट. घरगुती आणि छोट्या ऑफिसांना मिळणारे बदलते आयपी (इंटरनेटवरचे आकडी पत्ते) स्पॅमविरोधी याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहॉस या संस्थेच्या पीबीएल यादीत मुळातच असतात. तिथून थेट मेल निघायलाच नको, अशी ती यादी आहे. स्वतंत्र आयपी घेण्याचा सल्लाही छोट्या धंद्याला उपयोगाचा नाही. महिन्याला चार-पाच हजार मेल पाठवणाऱ्याच्या आयपीची पत तयारच होत नाही. चांगल्या सेवेचा सामायिक आयपी बरा.

जाहिरातींसाठी मात्र सबडोमेन (डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेलं) वेगळं ठेवा, बिलं आणि कोटेशन मुख्य डोमेनवरून जाऊ द्या. दिवाळीच्या ऑफरची पत खालावली तरी पुण्याच्या कंपनीला गेलेलं कास्टिंगचं कोटेशन त्यात फारसं ओढलं जाऊ नये, एवढ्यासाठी.

श्रीलिपी, फ्लेक्स आणि विषयाची ओळ

मराठी मेलची काही दुखणी अशी आहेत की इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्यांचा पत्ताच नसतो.

सगळ्यात जुनं दुखणं फॉन्टचं. छापखान्यात आणि डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर अजून फिरत असतो. तो मेलमध्ये पेस्ट केला की समोरच्याला इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि तुटकी चिन्हं दिसतात, कारण मुळात ती इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्टने मराठीचं सोंग दिलेलं. असा मेल फिल्टरला अर्थहीन दिसतो आणि माणसालाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच घसरतात: ‘मार्च’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

ही कटकट नको म्हणून दुसरा रस्ता निघतो: फ्लेक्सवाल्याने कोरलड्रॉमध्ये केलेलं डिझाइन, त्याची जेपीजी, आणि मेलमध्ये फक्त ती जेपीजी. मजकुराचं एक अक्षर नाही. फिल्टरला वाचायला काही मिळत नाही, आणि मजकूर चित्रात लपवणं ही स्पॅमवाल्यांची जुनी सवय असल्याने संशय वाढतो. शिवाय कॉम्प्युटरवरचं आउटलुक बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवत नाही, तेव्हा ग्राहकाला रिकामी चौकट दिसते. भाव, तारखा, दुकानाचा पत्ता आणि फोन हे साध्या अक्षरांत लिहा. चित्र एक, तेही 200 केबीच्या आत, आणि त्याला ‘ऑल्ट’ मजकूर (चित्र दिसलं नाही तर दिसणारा) मराठीत.

विषयाची ओळ बिघडते ती वेगळ्याच कारणाने. मेलचं हेडर, म्हणजे विषय आणि पत्ते असलेला वरचा भाग, मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बनलेलं, म्हणून देवनागरी विषय सांकेतिक तुकड्यांत बांधून पाठवावा लागतो. एक तुकडा 75 चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही. देवनागरीच्या एका चिन्हाला युटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत 3 बाइट आणि बेस64 या सांकेतिक रूपात त्याची 4 चिन्हं होतात. आवरण वजा जाता एका तुकड्यात जेमतेम 15 चिन्हं मावतात, काना, मात्रा, वेलांटी हे सगळं सुटं मोजून. ‘दिवाळीनिमित्त’ एवढ्या एका शब्दातच 13 होतात. आता एखाद्या स्थानिक डेव्हलपरने स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट हे तुकडे अक्षरांवर न पाडता बाइटवर पाडते, अक्षर मधोमध चिरलं जातं, आणि ग्राहकाला काळ्या चौकटींतली प्रश्नचिन्हं दिसतात. डेव्हलपरला सांगा, हेडर हाताने बांधू नकोस, तयार मेल लायब्ररी वापर. मुद्दाम चाळीसेक अक्षरांचा, जोडाक्षरांनी भरलेला विषय पाठवून तपासा. ‘नमस्कार’वर चाचणी घेतली तर सगळं ठीकच दिसणार.

वर्डमधून मजकूर सरळ पेस्ट करू नका. त्याबरोबर फॉर्मॅटिंगचा भारा येतो. मेलमागचा एचटीएमएल कोड साधारण 102 केबीच्या वर गेला की जीमेल उरलेला मेल कापतं, आणि तळाशी असलेली ‘यादीतून नाव काढा’ ही लिंक नेमकी त्या कापलेल्या भागात जाते. नाव काढायचं बटण दिसलं नाही की माणूस दिसेल ते बटण दाबतो. ते स्पॅमचं असतं.

यादीत कोण आहे

गूगल म्हणतं, स्पॅमच्या तक्रारी 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा आणि 0.3 टक्क्याला कधीच पोचू नका. आकडा टक्क्यांत किरकोळ वाटतो, माणसांत मोजून बघा. 2,000 जणांना मेल गेला तर 0.1 टक्का म्हणजे दोन माणसं आणि 0.3 टक्के म्हणजे सहा. सहा जणांनी बटण दाबलं की तुम्ही रेषेवर. हा आकडा गूगलच्या मोफत पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतो, पण मेल पुरेसे जात असतील तरच, आणि तो हिशेब इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलांवर होतो. त्यामुळे सगळेच मेल आधीच स्पॅममध्ये पडत असतील तर तक्रारी शून्य दिसतात. शून्य बघून खूश होण्याआधी मेल उघडले जातायत का ते पाहा. तेही ‘ओपन रेट’वर विसंबून नको. 2021 पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे न वाचलेला मेलही ‘उघडला’ म्हणून मोजला जातो. लिंकवरचे क्लिक आणि आलेली उत्तरं जास्त खरी.

आता सीमाभागातली खरी गोची. एका दुकानाच्या यादीत गोकाक, हुक्केरी, अथणीचे ग्राहक असतात, कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजचे असतात, आणि चोर्ला घाटाखालचे गोव्याचेही असतात. सगळ्यांना एकच मराठी मेल जातो, नाहीतर एकच इंग्रजी. ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने तो स्पॅमच, त्यात त्याची काय चूक? यादीत ‘भाषा’ असा एक रकाना घाला आणि बिल करतानाच विचारा: मराठी, कन्नड की इंग्रजी. आडनावावरून किंवा गावावरून भाषा ठरवू नका, बेळगावात तो अंदाज हमखास चुकतो. एकाच मेलमध्ये तिन्ही भाषा एकाखाली एक रचणंही टाळा. मेल लांबतो आणि तिसऱ्या भाषेच्या वाचकाला स्वतःचा मजकूर सापडेपर्यंत धीर राहत नाही. कन्नड मेल कन्नड वाचणाऱ्याकडून लिहून घ्या. यांत्रिक भाषांतरातली कन्नड, मराठीइतकीच लगेच ओळखू येते.

काउंटरवरची वही हा दुसरा झरा. घाईत लिहिलेला ‘जीमेल’ टाइप करताना ‘जीमियल’ होतो, ‘कॉम’चं ‘कॉन’ होतं. असे पत्ते परत येतात, आणि चुकीच्या स्पेलिंगची काही डोमेनं तर स्पॅम पकडण्यासाठीच ठेवलेली असतात. पत्ता घेतला की लगेच एक पुष्टीचा मेल जाऊ द्या आणि त्यातली लिंक दाबणाऱ्यालाच यादीत घ्या. यादी निम्मी होईल म्हणून दुकानदार धास्तावतात. जे निम्मे गळतात ते तसेही वाचणार नव्हते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट हवी आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं, असं म्हटलंय. वहीत रांगोळी-स्पर्धेसाठी दिलेला पत्ता म्हणजे साडीच्या ऑफरची संमती नव्हे.

विकत मिळणारा ‘इंडस्ट्री डेटा’ घेऊ नका. त्यात स्पॅमसापळे असतात: कधीच कुणाचे नसलेले किंवा वर्षानुवर्षं बंद पडलेले पत्ते, मुद्दाम जिवंत ठेवलेले. फाउंड्रीवाल्यांसाठी आणखी एक बारकावा. ‘परचेस’, ‘सेल्स’, ‘इन्फो’ अशा पदांच्या पत्त्यांवरचा मेल चार-पाच जण वाचतात. त्यांतल्या एकाने संमती दिली तरी दुसरा स्पॅम दाबतो. शक्यतो माणसाचा पत्ता घ्या. आठ एमबीचं कॅटलॉग जोडण्याऐवजी स्वतःच्या वेबसाइटवर ठेवून लिंक द्या, आणि ती लिंक कुठल्याही फुकट शॉर्टनरने छोटी करू नका. त्या शॉर्टनरवरून इतरांनी केलेली पापं तुमच्या मेलला चिकटतात.

नाव काढण्याची सोय दोन ठिकाणी लागते. एक मेलच्या मजकुरात, वाचता येईल अशा आकारात आणि मेलच्या भाषेत. दुसरी हेडरमध्ये, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ या दोन ओळी. त्यांमुळे जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी स्वतःचं बटण दाखवू शकतं, एका दाबात काम होतं. दोन्ही ओळी डीकेआयएमच्या सहीत धरलेल्या हव्यात. ‘पोस्ट’ ही भानगड का? कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर मेलमधली प्रत्येक लिंक उघडून बघतात. नुसती लिंक उघडल्यावर नाव निघत असेल तर स्कॅनरच तुमचे चांगले ग्राहक काढून टाकतो. ‘पोस्ट’ असेल तर बटण दाबल्यावरच नाव निघतं. विनंती आल्यावर दोन दिवसांत नाव निघालंच पाहिजे. ‘पुढच्या महिन्यात एक्सेल साफ करू’ चालणार नाही.

वर्षभर गप्प बसून धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी 8,000 मेल एकदम सोडणं ही दिवाळीतली ठरलेली चूक. अचानक फुगलेला आकडा फिल्टरला हॅक झालेल्या खात्यासारखा दिसतो, आणि वर्षभरात मेलेले पत्ते त्याच दिवशी एकगठ्ठा परत येतात. गणपतीपासूनच सुरुवात करा. पहिल्या दिवशी गेल्या तीन महिन्यांत खरेदी केलेले 200-300 जण, परतीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिलं तर पुढच्या खेपेला दुप्पट. ‘5.1.1’ (असा पत्ताच नाही) शेऱ्याने परत आलेला पत्ता त्याच दिवशी कायमचा काढा. ‘4’ने सुरू होणारा शेरा तात्पुरता असतो, तीन-चार खेपांना तोच आला तर तोही काढा.

आधीच स्पॅममध्ये पडत असाल तर नवं डोमेन घेऊन पळू नका. कोऱ्या डोमेनची पत शून्य असते, आणि यादी तीच असेल तर महिन्यात तेच होणार. ऑफरचे मेल दोन आठवडे थांबवा. मग फक्त गेल्या 60 दिवसांत क्लिक केलेल्यांना, थोडे थोडे, आणि उत्तर द्यावंसं वाटेल असं काही विचारून पाठवा: कुंदा पाव किलोचा हवा की अर्धा किलोचा? आलेलं उत्तर फिल्टरच्या दृष्टीने ओळख पटल्यासारखं असतं. डोमेन किंवा आयपी स्पॅमहॉसच्या यादीत आहे का ते त्यांच्याच साइटवर तपासता येतं, आणि नाव काढायला ते पैसे घेत नाहीत. ‘ब्लॅकलिस्टमधून काढून देतो, अमुक हजार द्या’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. कारण दूर न करता नाव काढून घेतलं तर ते पुढच्याच मोहिमेत पुन्हा लागतं, आणि दुसऱ्या खेपेला काढायला वेळ जास्त लागतो.